आर्थिक संकटाचे खापर कोणाच्या माथी? प्रचारातील आरोप पारखण्याची पद्धत

निवडणुकीच्या ऐन धामधुमीत वित्तीय संकट कोसळले, की मतदारापुढे दोन तयार उत्तरे येतात. सत्ताधारी सांगतात की हे संकट बाहेरून आले आणि त्याची बीजे आधीच्या सरकारने पेरली होती. विरोधक सांगतात की कालपर्यंत सर्व सुरळीत होते, ते यांनीच बुडवले. तिसरे उत्तर मतदार वैतागून स्वतःच देतो, ते म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी. तपासल्याशिवाय यांपैकी एकही उत्तर स्वीकारू नये, आणि माझ्या मते तिसरे सर्वांत घातक आहे, कारण ज्याने खरोखर चुकीचा निर्णय घेतला त्याला ते गर्दीत लपायला जागा करून देते. दोष ठरवता येतो. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आरोपाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा नोंदींशी ताडून पाहण्याची चिकाटी लागते.

ही पद्धत समजावून सांगण्यासाठी मी अमेरिकेतील २००८ ची अध्यक्षीय निवडणूक घेतो. लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मतदान ४ नोव्हेंबरला होते, म्हणजे संकट आणि मतदान यांत जेमतेम सात आठवडे होते. त्या काळातील कायदे, मतदानाच्या नोंदी आणि साक्षी आज उघड उपलब्ध असल्यामुळे प्रचारातील आरोप त्यांच्याशी लावून पाहता येतात.

आरोपाचे वाक्य पूर्ण करून घ्या

सभेतला आरोप बहुधा अर्धवट असतो. डेमोक्रॅटिक उमेदवार बराक ओबामा यांनी संकटाला आठ वर्षांच्या फसलेल्या आर्थिक धोरणांचे फळ म्हटले, तर रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी वॉल स्ट्रीटची हाव आणि फॅनी मे व फ्रेडी मॅक या गृहकर्ज संस्थांना मिळालेले राजकीय अभय यांच्याकडे बोट दाखवले. या दोन्ही विधानांत भावना आहे, दिशा आहे, पण ज्याची शहानिशा करता येईल असा निर्णय एकातही नाही. म्हणून आरोप ऐकताच तो कागदावर लिहावा आणि त्याला पाच प्रश्न विचारावेत: कोणी, कोणता निर्णय, कोणत्या तारखेस, कोणत्या अधिकाराने घेतला, आणि त्या निर्णयापासून नुकसानीपर्यंतचा रस्ता नेमका कसा जातो? शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड असतो, आणि बहुतेक आरोप तिथेच गळपटतात.

त्याचबरोबर आरोप तीनपैकी कोणत्या कलमाखाली बसतो, हेही ठरवावे. संकट निर्माण करणे, वेळीच न रोखणे आणि आल्यानंतर ते हाताळणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रचारात त्या मुद्दाम एकत्र कालवल्या जातात, कारण एका कलमाखाली सिद्ध झालेला दोष उरलेल्या दोन कलमांवर आपोआप पसरतो. लेहमन बुडाली त्याच दिवशी मॅकेन यांनी फ्लोरिडातील सभेत अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत असल्याचे सांगितले आणि ते वाक्य त्यांना शेवटपर्यंत भोवले. ते वाक्य परिस्थितीच्या आकलनाबद्दल बरेच सांगते; संकट कोणी निर्माण केले याबद्दल काहीच सांगत नाही.

तारखांची उतरंड मांडा

संकट फुटते त्या दिवशी ते जन्मलेले नसते, आणि दोन्हींतले अंतर समजण्यासाठी पैशाचा रस्ता पाहावा लागतो. त्या काळी अमेरिकेत कमकुवत पत असलेल्या कर्जदारांना तीस वर्षांचे असे कर्ज सर्रास दिले जाई, ज्यात पहिली दोन वर्षे व्याजदर कमी आणि स्थिर असे आणि उरलेली अठ्ठावीस वर्षे तो बाजाराप्रमाणे बदलत राही. दलालाला कर्ज मंजूर होताच आपले पैसे मिळत. कर्ज देणारी कंपनी ते गुंतवणूक बँकेला विकून मोकळी होई, बँक अशी हजारो कर्जे एकत्र करून त्यांचे रोखे बनवी, पतमानांकन संस्था त्यांतील मोठ्या भागाला सर्वोच्च दर्जा देई आणि ते रोखे जगभरच्या गुंतवणूकदारांकडे जात. घरांच्या किमती चढत असेपर्यंत कर्जदार दोन वर्षांनी नवे कर्ज काढून जुने फेडू शके. २००६ च्या मध्यानंतर किमती उतरू लागल्या आणि हा मार्ग बंद झाला. ९ ऑगस्ट २००७ रोजी बीएनपी परिबा या फ्रेंच बँकेने आपले तीन फंड गोठवले, मार्च २००८ मध्ये बेअर स्टर्न्स ही गुंतवणूक बँक कोलमडली, ७ सप्टेंबरला सरकारने फॅनी आणि फ्रेडी ताब्यात घेतल्या, आणि आठवड्याभरात लेहमनची पाळी आली.

ही उतरंड मांडली की एक गोष्ट लगेच दिसते. सर्वांत वाईट कर्जे २००५ ते २००७ या काळात दिली गेली, आणि त्या संपूर्ण काळात जॉर्ज डब्ल्यू. बुश अध्यक्ष होते, तर काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी कायदेमंडळाची, सिनेट आणि प्रतिनिधिगृह ही दोन्ही सभागृहे २००६ अखेरपर्यंत त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाकडे होती. त्यामुळे 'आधीच्या सरकारचे पाप' हा बचाव इथे फारसा टिकत नाही. मात्र विलंबाचा नियम दोन्ही बाजूंना लावावा लागतो. २००७ मध्ये काँग्रेसचा ताबा घेतलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाने हे संकट ओढवले, असा आरोप रिपब्लिकन प्रचारात होत असे. तोवर घरांच्या किमती उतरणीला लागल्या होत्या आणि घातक कर्जांचा मोठा भाग वाटून झाला होता, म्हणून तो आरोप तारखांपाशीच कोसळतो.

किल्ली कोणाच्या हाती होती?

लोकशाहीत सत्ता एका टोपलीत नसते. अध्यक्ष किंवा पंतप्रधान, कायदेमंडळ, मध्यवर्ती बँक आणि नियामक संस्था यांच्याकडे वेगवेगळ्या किल्ल्या असतात, म्हणून ज्या दारातून नुकसान आत आले त्या दाराची किल्ली कोणाकडे होती, हे शोधावे. घातक गृहकर्जांच्या बाबतीत ती मुख्यतः फेडरल रिझर्व्हकडे होती. १९९४ च्या कायद्याने या मध्यवर्ती बँकेला सर्व प्रकारच्या कर्जदात्यांच्या अन्यायकारक पद्धतींना मनाई करण्याचा अधिकार दिला होता. त्या अधिकाराखाली व्यापक नियम अंतिम झाले ते जुलै २००८ मध्ये, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. या बँकेचे तत्कालीन अध्यक्ष अॅलन ग्रीनस्पॅन यांनी जून २००३ ते जून २००४ या काळात मुख्य व्याजदर एक टक्क्यावर ठेवला होता. २३ ऑक्टोबर २००८ रोजी काँग्रेसच्या समितीसमोर त्यांनी कबूल केले की बँका स्वतःच्या भागधारकांचे हित सांभाळतील, या आपल्या गृहीतकात दोष होता.

आता हा दोष कोणत्या पक्षाच्या खात्यात जातो? ग्रीनस्पॅन यांना १९८७ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांनी नेमले, आणि रिपब्लिकन थोरले बुश, डेमोक्रॅट क्लिंटन व रिपब्लिकन धाकटे बुश या तिघांनीही त्यांना मुदतवाढ दिली. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. फसव्या कर्जांना आळा घालण्यासाठी जॉर्जियासारख्या काही राज्यांनी स्वतःचे कायदे केले होते. जानेवारी २००४ मध्ये राष्ट्रीय बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या कंट्रोलर ऑफ द करन्सी या संघीय कार्यालयाने नियम काढून त्या बँकांना अशा राज्य कायद्यांच्या कक्षेतून बाहेर काढले. तारीख बुश यांच्या कारकिर्दीतली, पण कार्यालयाचे प्रमुख जॉन हॉक यांची नेमणूक १९९८ मध्ये क्लिंटन यांनी केलेली. अशा ठिकाणी नेमणूक करणारा, मुदत वाढवणारा आणि निर्णय होत असताना हस्तक्षेप न करणारा अशी तीन नावे वेगवेगळी लिहावीत आणि प्रत्येकासमोर त्याचा वाटा मांडावा. ज्याच्याकडे अधिकार होता आणि इशारा पोहोचला होता, त्याचा वाटा मोठा. ज्याच्याकडे अधिकारच नव्हता त्याला केवळ 'सत्तेत होता' म्हणून दोषी धरणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

मतदानाच्या नोंदी शेवटच्या पानापर्यंत वाचा

'आम्ही इशारा दिला होता, त्यांनी अडवले' हा प्रचारातील सर्वांत आवडता दावा आहे, आणि त्याची तपासणी सहज करता येते. फॅनी आणि फ्रेडी यांच्यावर कडक नियंत्रण आणणारे विधेयक जानेवारी २००५ मध्ये सिनेटर चक हेगल यांनी मांडले होते. मॅकेन त्याचे सहप्रस्तावक होते आणि प्रचारात ते याचा वारंवार उल्लेख करत. नोंद उघडून पाहिली की चित्र भरत जाते. मॅकेन सहप्रस्तावक झाले ते मे २००६ मध्ये, म्हणजे विधेयक मांडल्यानंतर सव्वा वर्षाने. विधेयक समितीत पक्षीय रेषेवर मंजूर झाले, डेमोक्रॅटिक सदस्यांनी विरोध केला, हे खरे आहे. परंतु सिनेटमध्ये बहुमत रिपब्लिकनांचे होते आणि त्यांच्या नेतृत्वाने ते विधेयक सभागृहात मतदानाला आणलेच नाही. यावर रिपब्लिकन उत्तर असे की चर्चा थांबवण्यासाठी ६० मते लागतात आणि ती मिळणार नव्हती. हे उत्तर विचारात घेण्याजोगे आहे, पण मतदानच न झाल्यामुळे कोणी प्रत्यक्ष अडवले हे नोंदीत उमटले नाही.

इथेच थांबले तर अर्धीच गोष्ट हाती लागते. प्रतिनिधिगृहाने ऑक्टोबर २००५ मध्ये याच विषयावरचे आपले वेगळे विधेयक ३३१ विरुद्ध ९० मतांनी मंजूर केले, म्हणजे त्याला दोन्ही पक्षांतून भरघोस पाठिंबा होता. मात्र बुश प्रशासनाने ते पुरेसे कडक नाही म्हणून त्याला विरोध केला. दोन सभागृहांची दोन विधेयके, पुरेशा कडकपणावरचा वाद, आणि परिणामी काहीच नाही, असे तीन वर्षे चालले. शेवटी जुलै २००८ मध्ये डेमोक्रॅटिक काँग्रेसने कायदा केला, बुश यांनी त्यावर सही केली, आणि त्याच कायद्याच्या आधारे सप्टेंबरमध्ये दोन्ही संस्था ताब्यात घेता आल्या. 'त्यांनी अडवले' या दोन शब्दांत यातले किती मावते, हे वाचकाने स्वतः पाहावे. माझा निष्कर्ष असा की 'वेळीच न रोखणे' या कलमाखाली इथे दोन्ही पक्ष दोषी आहेत, आणि कार्यक्रमपत्रिका ज्याच्या हाती होती त्या बहुमतवाल्या पक्षाचा वाटा थोडा अधिक आहे.

योगायोग आणि कारण यांची फारकत करा

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्याने मोडली असे होत नाही. एखादा कायदा आधी झाला आणि संकट नंतर आले एवढ्यावरून कारण सिद्ध होत नसते. २००८ च्या वादात दोन्ही बाजूंचा एकेक आवडता कायदा होता.

उजव्या बाजूने १९७७ च्या सामुदायिक पुनर्गुंतवणूक कायद्याकडे बोट दाखवले: बँकांना गरीब वस्त्यांत कर्जे देण्यास भाग पाडले, म्हणून बँका बुडाल्या. हा कायदा संकटाच्या तीन दशके आधीचा आहे, हा पहिला खटकणारा भाग. दुसरा असा की घातक कर्जे देणाऱ्या बऱ्याच कंपन्या या कायद्याच्या कक्षेतच नव्हत्या. फेडरल रिझर्व्हच्या विश्लेषणानुसार चढ्या व्याजाच्या कर्जांपैकी फक्त ६ टक्के कर्जे या कायद्याखालील संस्थांनी आपल्या कार्यक्षेत्रातील अल्प उत्पन्न गटांना किंवा वस्त्यांना दिलेली होती. ही आकडेवारी डिसेंबर २००८ मध्ये, म्हणजे निवडणूक आटोपल्यावर मांडली गेली.

डाव्या बाजूने १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याला धारेवर धरले, ज्याने ठेवी घेणाऱ्या बँका आणि गुंतवणूक बँका यांच्यातील १९३३ पासूनची भिंत पाडली. परंतु लेहमन आणि बेअर स्टर्न्स या स्वतंत्र गुंतवणूक बँका होत्या आणि एआयजी ही विमा कंपनी. भिंत उभी असती तरी त्यांचे व्यवहार तसेच चालू शकले असते. शिवाय तो कायदा सिनेटमध्ये ९० विरुद्ध ८ मतांनी मंजूर झाला आणि त्यावर सही क्लिंटन यांची आहे, त्यामुळे तो एका पक्षाच्या गळ्यात बांधता येत नाही. एआयजीच्या बाबतीत खरी वाट वेगळ्या कायद्याकडे जाते. २००० च्या अखेरीस झालेल्या वायदे बाजारविषयक कायद्याने खासगी डेरिव्हेटिव्ह करारांना (दुसऱ्या मालमत्तेच्या किंवा कर्जाच्या मूल्यावर बेतलेल्या करारांना) नियंत्रणाबाहेर ठेवले, आणि अशाच करारांच्या ओझ्याखाली एआयजी दबली. १६ सप्टेंबर २००८ रोजी तिला ८५ अब्ज डॉलरचे कर्ज द्यावे लागले. १९९८ मध्ये वायदे नियामक संस्थेच्या प्रमुख ब्रुक्सली बॉर्न यांनी या करारांवर देखरेख हवी असे सुचवले, तेव्हा क्लिंटन यांचे अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन आणि ग्रीनस्पॅन या दोघांनी त्यांना विरोध केला होता. या आरोपात निर्णय, तारीख, अधिकार, इशारा आणि नुकसानीपर्यंतचा रस्ता असे सर्व काही आहे. म्हणूनच तो दोन्ही पक्षांच्या प्रचाराला गैरसोयीचा होता.

तुलनेसाठी सीमेपलीकडेही पाहावे. ब्रिटन, आयर्लंड आणि स्पेन या देशांत वेगळे कायदे आणि वेगळ्या विचारांची सरकारे होती, तरीही तिथे घरांच्या किमतींचा फुगा फुगला आणि फुटला. त्यामुळे केवळ अमेरिकी पक्षांना सर्व दोष देणे अपुरे ठरते. पण शेजारच्या कॅनडात एकही मोठी बँक बुडाली नाही. म्हणजे 'जागतिक संकट होते, आम्ही काय करणार' हा बचावही पूर्ण मान्य करता येत नाही, कारण नियमन सावध असेल तर त्याच वादळात फरक पडतो.

हाताळणीचा हिशोब वेगळा ठेवा

बँकांना सावरण्यासाठीचे ७०० अब्ज डॉलरचे बचाव विधेयक २९ सप्टेंबर २००८ रोजी प्रतिनिधिगृहात २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळले गेले आणि शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक त्या दिवशी ७७७ अंकांनी घसरला. रिपब्लिकन नेत्यांनी सभापती नॅन्सी पेलोसी यांच्या पक्षीय भाषणाला दोष दिला. आकडे काय सांगतात? बाजूने १४० डेमोक्रॅट आणि ६५ रिपब्लिकन, विरोधात ९५ डेमोक्रॅट आणि १३३ रिपब्लिकन. बारा जणांनी मत फिरवले असते तर विधेयक मंजूर झाले असते. अध्यक्ष बुश यांना स्वपक्षाची जेमतेम एक तृतीयांश मते मिळवता आली, आणि बहुमतात असलेल्या डेमोक्रॅटिक नेतृत्वाला स्वतःचे ९५ सदस्य आवरता आले नाहीत. भाषणाचा मुद्दा या दोन गोष्टींपुढे किरकोळ आहे. चार दिवसांनी सुधारित विधेयक २६३ विरुद्ध १७१ मतांनी मंजूर झाले. सिनेटमध्ये ओबामा आणि मॅकेन या दोघांनीही त्याच्या बाजूने मत दिले होते, म्हणून या प्रश्नावर एकाने दुसऱ्याला खलनायक ठरवणे नोंदीशी विसंगत होते.

अशी नोंद स्वतःजवळ ठेवणे किती गरजेचे आहे, ते पुढे दिसले. या बचाव कायद्यावर सही बुश यांची, ३ ऑक्टोबर २००८ ची. तरी प्यू संशोधन केंद्राच्या जुलै २०१० च्या पाहणीत ते बुश यांच्या काळात घडले हे केवळ ३४ टक्के लोकांना सांगता आले. ४७ टक्के लोकांनी ओबामांचे नाव घेतले.

प्रचारकाळातील आकडे कच्चे धरा

मंदी डिसेंबर २००७ मध्येच सुरू झाली होती, ही अधिकृत घोषणा १ डिसेंबर २००८ रोजी, मतदानानंतर चार आठवड्यांनी झाली. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत अर्थव्यवस्था वार्षिक ३.८ टक्के दराने आकसल्याचा पहिला अंदाज पुढे ८ टक्क्यांहून अधिक निघाला. ग्रीसमध्ये तर ऑक्टोबर २००९ च्या निवडणुकीनंतर नव्या सरकारने त्या वर्षाची वित्तीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या साडेबारा टक्क्यांच्या आसपास असल्याचे जाहीर केले; आधीच्या सरकारने कळवलेला आकडा चार टक्क्यांच्या आत होता, आणि अंतिम आकडा पंधरा टक्क्यांच्या घरात गेला. आकडे लपवणे हा स्वतंत्र आरोप आहे आणि तो संकट निर्माण करण्याच्या आरोपात मिसळू नये, कारण मतदाराची फसवणूक करणारे सरकार अर्थव्यवस्थेच्या घसरणीस जबाबदार नसले तरी दोषी असतेच.

दोषावरून उपायाकडे जाताना

ज्याने दोष अचूक दाखवला त्याच्याकडे उपायही असेलच, असे समजू नये. १९३२ च्या प्रचारात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पिट्सबर्गच्या भाषणात तत्कालीन अध्यक्ष हूव्हर यांच्या सरकारच्या वाढत्या खर्चावर आणि तुटीवर टीका केली, सरकारी खर्चात २५ टक्के कपातीचे आश्वासन दिले, आणि सत्तेवर आल्यावर उलट मदतकार्यांवर मोठा खर्च केला. तो खर्च योग्यच होता असे मला वाटते, पण प्रचारातील निदान आणि नंतरचे औषध यांचा मेळ नव्हता. म्हणून उमेदवाराने सांगितलेला उपाय आपण काढलेल्या रस्त्यावर कुठे बसतो, हे पाहावे: कर्ज देण्याच्या टप्प्यावर, रोखे बनवण्याच्या टप्प्यावर, पतमानांकनावर की बँकांच्या भांडवलावर? कुठेच बसत नसेल तर तो उपाय दुसऱ्याच कुठल्या आजारावरचा आहे.

निवडणूक संपली की चौकशी आयोगाचा अहवाल येतो, आणि तोही याच पद्धतीने वाचावा. अमेरिकेच्या वित्तीय संकट चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला. दहा सदस्यांपैकी डेमोक्रॅटिक पक्षाने नेमलेल्या सहा जणांनी त्याला संमती दिली, रिपब्लिकनांनी नेमलेल्या चौघांनी असहमती नोंदवली. परंतु त्या चौघांचेही एकमत नव्हते. तिघांनी मिळून दहा कारणांची स्वतंत्र मांडणी केली, तर चौथ्याने बहुतांश दोष सरकारी गृहनिर्माण धोरणाला दिला. असा अहवाल हाती आला की आधी सदस्यांना कोणी नेमले ते पाहावे, मग असहमतीची टिपणे मुख्य अहवालाइतक्याच काळजीने वाचावीत, आणि बहुमत व त्या तिघांचे टिपण दोन्हींत आढळणारी कारणे, जसे घरांच्या किमतींचा फुगा, ढिसाळ गृहकर्जे, पतमानांकनातील अपयश आणि अपुऱ्या भांडवलावर पेललेली जोखीम, आपल्या कागदावर सर्वांत वर लिहावीत. मग त्या प्रत्येकासमोर किल्ली कोणाकडे होती त्याचे नाव आणि तारीख भरावी.